ओमाहातला फाऊल: २०१८ च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमधल्या एका सुटलेल्या झेलाचा हिशेब

प्रसंग

२७ जून २०१८, ओमाहा, नेब्रास्का. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीज, शेवटच्या टप्प्यात आलेलं. अंतिम लढत तीन सामन्यांची, दोन जिंकेल तो विजेता. आर्कान्सा विद्यापीठाने आदल्या दिवशी पहिला सामना ४–१ असा जिंकलेला. दुसऱ्या सामन्यात नवव्या, म्हणजे शेवटच्या डावाचा वरचा अर्धा भाग (आधी फलंदाजी करणाऱ्या संघाची पाळी) चालू होता. आर्कान्सा ३–२ ने पुढे, ओरेगॉन स्टेटचे तीनपैकी दोन गडी बाद, बरोबरी करू शकणारा धावपटू तिसऱ्या बेसवर उभा. फलंदाज होता शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) कॅडिन ग्रेनियर, आणि समोर आर्कान्साचा डावखुरा क्लोजर, म्हणजे शेवटी चेंडू टाकायला येणारा पिचर, मॅट क्रोनिन.

ग्रेनियरच्या बॅटच्या वरच्या अंगाला लागून चेंडू उजव्या बाजूला, पहिल्या बेसमागच्या फाऊल क्षेत्रात, म्हणजे खेळाच्या रेषेबाहेर, उंच उडाला. पहिल्या बेसचा, दुसऱ्या बेसचा आणि उजव्या कोपऱ्यातला असे तीन क्षेत्ररक्षक धावले. चेंडू तिघांच्या मध्ये जमिनीवर पडला. झेलला असता तर सामना तिथेच संपला असता आणि आर्कान्साला बेसबॉलमधलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं असतं.

त्याच पाळीत ग्रेनियरने डाव्या बाजूला सिंगल (एका बेसचा फटका) मारला, ३–३. पुढचा फलंदाज ट्रेव्हर लार्नाक. त्याने उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे दोन धावांचा होमरन मारला, ५–३. सामना त्याच आकड्यावर संपला. दुसऱ्या दिवशी ओरेगॉन स्टेटने ५–० ने तिसरा सामना आणि विजेतेपद घेतलं.

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण पडलेल्या चेंडूपाशी थांबतात. त्या तीन खेळाडूंची नावं शोधली की सहज सापडतात. इथे ती मुद्दाम दिलेली नाहीत, कारण प्रश्न माणसांचा नसून जागांचा आहे. आमचं म्हणणं असं की झेल सुटल्याने फार तर एका स्ट्राइकचा फरक पडला (तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद). विजेतेपद गेलं ते त्यानंतरच्या दोन फटक्यांत आणि तिसऱ्या सामन्यातल्या पिचिंगमध्ये, आणि त्या पिचिंगच्या मागे या स्पर्धेची रचना उभी आहे. म्हणून आधी रचना पाहू.

इथवर पोहोचायची वाट

कॉलेज वर्ल्ड सिरीज १९४७ साली कॅलामाझूमध्ये सुरू झाली आणि १९५० पासून ओमाहात आहे. २०१० पर्यंत ती रोझनब्लाट स्टेडियमवर होई, २०११ पासून नव्या मैदानावर होते. २०१८ मध्ये त्याचं नाव टीडी अमेरिट्रेड पार्क होतं, आता ते चार्ल्स श्वाब फील्ड आहे.

एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या या स्पर्धेत ६४ संघ निवडले जातात. पहिल्या टप्प्यात चार-चार संघांच्या १६ प्रादेशिक स्पर्धा होतात, त्यातून १६ संघ उरतात. मग दोन-दोन संघांमध्ये तीन सामन्यांची सुपर रीजनल होते आणि उरलेले ८ संघ ओमाहाला येतात. ओमाहात चार-चार संघांचे दोन गट असतात आणि दोन पराभव झाले की संघ बाहेर. २००३ पासून दोन्ही गटांचे विजेते तीन सामन्यांची अंतिम लढत खेळतात.

दोन पराभवांची ही पद्धत कागदावर सवलत वाटते. प्रत्यक्षात पहिला सामना हरलेल्या संघाला ती महागात पडते. चार संघांच्या गटात एकही सामना न हरणारा संघ तीन सामन्यांत अंतिम लढतीत पोहोचतो. पहिलाच सामना हरलेल्याला सलग चार जिंकावे लागतात, त्यातले शेवटचे दोन तोवर अपराजित असलेल्या संघाविरुद्ध. म्हणजे तीनच्या जागी पाच सामने. फलंदाजाला दोन जास्तीचे सामने फारसे जड जात नाहीत, पिचरला जातात. पाच सामन्यांचे मिळून पंचेचाळीस डाव होतात आणि ते टाकायला हात मोजकेच.

२०१८ मध्ये नेमकं हेच झालं. ओरेगॉन स्टेटला तिसरं मानांकन होतं. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा त्यांचा पहिला सामना चार तास चोवीस मिनिटं चालला, कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला सर्वांत लांबलेला नऊ डावांचा सामना, आणि ते तो ८–६ ने हरले. मग वॉशिंग्टनला १४–५, नॉर्थ कॅरोलायनाला ११–६, आणि मिसिसिपी स्टेटला दोनदा, १२–२ आणि ५–२. पाचव्या मानांकनाचा आर्कान्सा सरळ वाटेने आला: टेक्सास ११–५, टेक्सास टेक ७–४, गतविजेता फ्लोरिडा ५–२.

अंतिम लढतीच्या आधी आर्कान्साच्या पिचरांनी तीन सामने टाकले होते, ओरेगॉन स्टेटच्यांनी पाच. त्यात सोमवार २५ जूनचा पहिला सामना पावसाने मंगळवारवर गेला. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन सलग सामने, मध्ये सुट्टी नाही. कागदावर सगळं आर्कान्साच्या बाजूने होतं. पहिल्या सामन्यात तसंच घडलं. त्यांचा मुख्य स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) ब्लेन नाइट जिंकला आणि त्याचा हंगाम १४–० असा, एकही पराभव न होता, पूर्ण झाला.

एक तपशील बाहेरच्या वाचकाला सहसा माहीत नसतो. त्या काळी डिव्हिजन एक, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, पुरुष बेसबॉल संघाला मिळून फक्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंमध्ये वाटायच्या आणि संघाची मर्यादा ३५. अमेरिकन फुटबॉलच्या संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या असत. त्यामुळे विश्वासाने चेंडू देता येतील असे सात-आठ पिचर असलेला कॉलेज संघ विरळाच. जून अखेरीस बहुतेकांकडे असे चार-पाचच उरतात.

चेंडू हवेत असताना

बॅट चेंडूच्या मध्याखाली लागली की चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि तो उंच जातो. चांगला उंच पॉप-अप (असा वर उडालेला चेंडू) पाच सेकंदांच्या आसपास हवेत राहतो. एवढ्या वेळात कॉलेजचा क्षेत्ररक्षक पंचवीस-तीस मीटर सहज कापतो. म्हणजे पोहोचणं ही अडचण नव्हती. तिघेही पोहोचले, तीच अडचण झाली.

उलटी फिरकी असलेला चेंडू वर जाताना हवेच्या दाबाने एका बाजूला ढकलला जातो आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला. चढताना तो होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, दिशेने मागे ओढला जातो, उतरताना पुढे सरकतो. त्यात उजव्या हाताच्या फलंदाजाने उशिरा मारलेल्या चेंडूला आडवी फिरकीही असते, ती त्याला प्रेक्षकांच्या बाजूला नेते. तिसरी गोष्ट वारा. ओमाहाचं नवं मैदान आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि तिथे उन्हाळ्यात दक्षिणेचा वारा नेहमीचा, त्यामुळे वर गेलेला चेंडू तटबंदीच्या उंचीवर एक वाट धरतो आणि तिच्या आडोशाला आल्यावर दुसरी.

या सगळ्याचा व्यवहारातला अर्थ एकच: पहिल्या दीड-दोन सेकंदांत चेंडू कुठे पडेल याचा जो अंदाज येतो तो कच्चा असतो. त्या अंदाजावर पूर्ण वेगाने धावत सुटलेला खेळाडू चेंडूच्या पुढे निघून जातो आणि शेवटच्या दोन पावलांत वळून मागे हात टाकतो. उंच फाऊल सुटतात ते बहुतेक असेच. सराव झालेला खेळाडू आधी सर्वांत लांबच्या शक्य जागेकडे धावतो, चेंडू शिखरावर पोहोचला की वेग कमी करतो आणि शेवटची पावलं पुढे, चेंडूच्या दिशेने टाकतो. मागे सरकत झेलण्यापेक्षा पुढे येऊन झेलणं केव्हाही सोपं.

कुंपण जवळ असेल तर क्रम असा: आधी कुंपणापर्यंत जा, हाताने ते शोध, मग परत चेंडूकडे ये. चेंडूकडे बघत बघत कुंपणाकडे जाणारा खेळाडू नकळत पावलं आखडतो, कारण शरीराला धडकेची भीती असते. ती भीती बोलून जात नाही, हात लागल्यावरच जाते.

झेल कुणाचा

क्रिकेट बघणाऱ्याला दोन क्षेत्ररक्षकांच्या मधला उंच झेल ओळखीचा आहे. बेसबॉलमध्ये त्यासाठी ठरलेली उतरंड असते. सेंटर फील्डर सर्वांत वर, मग डावा-उजवा आउटफील्डर (बेसच्या पलीकडे, लांब उभा राहणारा), मग शॉर्टस्टॉप, मग दुसरा बेस, मग पहिला आणि तिसरा बेस, शेवटी कॅचर (फलंदाजामागे बसणारा) आणि पिचर. तत्त्व सरळ आहे: जो पुढे येत झेलणार त्याचा हक्क मागे पळत झेलणाऱ्याच्या वर. पहिल्या बेसच्या मागे उडालेल्या फाऊलवर पहिल्या बेसचा खेळाडू पाठ करून पळत असतो. दुसऱ्या बेसचा तिरपा येतो, त्याला चेंडू अधिक चांगला दिसतो. उजवा आउटफील्डर समोरून येतो, त्याला सर्वांत चांगला. म्हणून अशा चेंडूवर हक्काचा क्रम उजवा फील्डर, दुसरा बेस, पहिला बेस.

हा क्रम प्रत्येक कॉलेज संघाला पाठ असतो. तरी तो मोडतो, आणि मोडायला चार वाटा असतात.

पहिली वाट आवाजाची. साधारण २४ हजार आसनांच्या मैदानात, विजयाला एक गडी उरलेला असताना सगळी माणसं उभी राहून ओरडत असतात. तेव्हा दहा मीटरवरची हाक ऐकू येईलच असं नाही. दोघांनी एकाच क्षणी हाक दिली तर दोघांनाही आपलीच ऐकू येते.

दुसरी वाट वेळेची. चेंडू चढत असतानाच हाक दिली तर ती कच्च्या अंदाजावरची. चेंडू सरकला की हाक देणारा चुकीच्या जागी असतो आणि बाकीचे त्याच्या शब्दावर थांबलेले असतात. उशिरा दिली तर सगळे एकत्र येऊन पोहोचलेले असतात.

तिसरी वाट जागेची, आणि आमच्या मते इथे ती सर्वांत मोलाची. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना दोनपेक्षा कमी बाद असतील तर झेलानंतर तो धावू शकतो. मग कुणाला तरी होमकडे फेक पोहोचवण्यासाठी मध्ये उभं राहावं लागतं. दोन बाद असताना झेल म्हणजे डाव संपला, दुसरं कामच नाही. पहिला बेसही रिकामा होता, त्यामुळे पहिल्या बेसच्या खेळाडूला धावपटूला धरून बेसपाशी उभं राहायचं नव्हतं. प्रत्येक जण मोकळा, प्रत्येक जण चेंडूकडे. सर्वांत सोप्या वाटणाऱ्या परिस्थितीत गर्दी सर्वांत जास्त होते ती अशी.

चौथी वाट आदराची. दोन खेळाडू एकमेकांना ओळखून असतील, एक ज्येष्ठ असेल, तर धडक टाळायला दोघेही अर्धं पाऊल मागे घेतात. चेंडू पडतो तो या अर्ध्या पावलात.

स्कोअररच्या वहीचं वेगळंच असतं. फाऊल झेल सुटून फलंदाजाची पाळी लांबली तर क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक लिहिता येते, पण चेंडू कुणाच्या हातालाच लागला नाही आणि तिघांमध्ये पडला तर बहुतेक स्कोअरर काहीच लिहीत नाहीत. लाखो लोकांच्या लक्षात राहिलेला प्रसंग वहीत नुसता एक फाऊल म्हणून उरू शकतो. आकडेवारीवरून क्षेत्ररक्षण जोखणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

सुटल्यानंतरचा हिशेब

फाऊल जमिनीवर पडला की धावपटू आपापल्या बेसवर परत जातात. फलंदाजाच्या नावावर दोनपेक्षा कमी स्ट्राइक असतील तर एक वाढते, दोन असतील तर काही बदलत नाही. त्यामुळे झेल सुटल्यानंतर आर्कान्साची स्थिती झेलाच्या आधी होती तितकीच चांगली होती, किंवा एका स्ट्राइकने अधिक चांगली. एक धावेची आघाडी, हवा फक्त एक गडी, आणि आर्कान्साची शेवटची फलंदाजी अजून शिल्लक.

कॉलेजच्या चांगल्या फलंदाजालाही दहा पाळ्यांत तीनच्या आसपास हिट मिळतात. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला तर पहिला बेस रिकामा असल्यामुळे धाव होत नाही, नुसता एक धावपटू वाढतो. म्हणजे त्या घडीलाही सामना तिथेच संपण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त होती. पारडं आर्कान्साकडेच झुकलेलं होतं, फक्त मैदानातल्या कुणाला तसं वाटत नव्हतं.

सुटलेल्या झेलाचं खरं नुकसान इथे होतं. पिचरच्या मनात सामना संपलेला असतो. त्याने चेंडू वर जाताना पाहिलेला असतो, कदाचित ग्लोव्ह काढून उडी मारायची तयारी केलेली असते. आता त्याला पुन्हा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जाऊन त्याच फलंदाजाला, त्याच धावपटूसमोर, तेवढ्याच नेमकेपणाने चेंडू टाकायचा असतो. अशा वेळी कॅचरने करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. वेळ मागायची. माउंडवर चालत जायचं, धावत नाही. झेलाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पुढचा चेंडू कोणता आणि कुठे एवढंच ठरवायचं. मग इनफील्डकडे वळून दोन बोटं दाखवायची: दोन बाद, जवळच्या बेसवर फेका. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. कोचची भेट मोजली जाते, म्हणून पहिल्यांदा कॅचरच जातो.

ग्रेनियर उजव्या हाताचा, क्रोनिन डावखुरा. हा सामना फलंदाजाला थोडा सोयीचा असतो, कारण चेंडू हातातून सुटताना त्याला लवकर दिसतो. सिंगल गेला आणि ३–३ झाले. इथवर फार काही बिघडलं नव्हतं. पहिल्या बेसवर धावपटू, दोन बाद, बरोबरी. आर्कान्साला खालच्या अर्ध्यात एक धाव काढली की विजेतेपद.

पुढचा लार्नाक डावखुरा. डावखुऱ्या पिचरसमोर डावखुरा फलंदाज म्हणजे आता पिचरला सोयीचा सामना. पण लार्नाकने त्या हंगामात १९ होमरन मारलेले. तीनच आठवड्यांपूर्वी व्यावसायिक मेजर लीगच्या खेळाडू-निवडीत मिनेसोटा ट्विन्सने त्याला पहिल्या फेरीत, विसाव्या क्रमांकावर निवडलेलं. ग्रेनियरला बाल्टिमोरने सदतिसाव्या क्रमांकावर घेतलेलं, आणि संघातला निक मॅड्रिगल शिकागो व्हाइट सॉक्सने चौथ्या क्रमांकावर. म्हणजे आर्कान्सासमोरची फळी कॉलेजच्या मापाने फार जड होती.

लार्नाकला मुद्दाम वॉक द्यावा का, हा प्रश्न नंतर बऱ्याच जणांनी विचारला. आमचं उत्तर नाही. वॉकने विजयाची धाव दुसऱ्या बेसवर जाते आणि मग साधा सिंगलही पुरतो. शिवाय त्याच फळीत कॅचर ॲडली रुचमन होता. या स्पर्धेत त्याने १७ हिट मारल्या, कॉलेज वर्ल्ड सिरीजचा विक्रम. निर्णय बरोबर होता, हवी होती ती जागा. बरोबरीत, पहिल्या बेसवर धावपटू असताना डावखुऱ्याला डावखुऱ्याने बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात ठेवायचं, सिंगल गेला तर जाऊ द्यायचा, पण उजव्या बाजूला ओढता येईल असा चेंडू द्यायचा नाही. लार्नाकचा फटका ओढलेलाच होता, उजव्या कुंपणापलीकडे.

हा होमरन कमी लेखू नये. या मैदानाच्या कडा ३३५ फुटांवर, मधलं कुंपण ४०८ वर. २०११ मध्ये बॅटच्या उसळीवर मर्यादा घालणारं नवं मानक आलं, त्याच वर्षी हे मैदान आलं, आणि होमरन इतके आटले की २०१४ च्या अख्ख्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये तीनच झाले. २०१५ पासून कमी उंच शिवणीचा चेंडू आला तेव्हा चेंडू पुन्हा जरा लांब जाऊ लागले. तरीही तेव्हा ओमाहात होमरनवर विसंबणारा संघ शहाणा समजला जात नसे.

तिसरा सामना, जिथे विजेतेपद ठरलं

२८ जूनला दोन्ही संघांकडे थकलेले हात होते, ओरेगॉन स्टेटचे अधिक थकलेले असायला हवेत. कोच पॅट केसी यांनी चेंडू दिला पहिल्या वर्षाच्या केविन एबलला. आदल्याच दिवशी त्याने एक डाव टाकून २३ चेंडू टाकले होते आणि विजयही त्याच्याच नावावर लागला होता.

एबलने नऊच्या नऊ डाव टाकले. २ हिट, १० स्ट्राइकआउट, १२९ चेंडू, शून्य धावा. तिसऱ्या डावात एक बाद झाल्यापासून पुढचे सलग २० फलंदाज त्याने बाद केले. एकाच कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये चार सामने जिंकणारा तो पहिला पिचर. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान रुचमनला मिळाला, पण त्या रात्री सामना एकट्या एबलचा होता.

त्याने एवढं कसं केलं याचं तांत्रिक उत्तर चेंज-अप हे आहे. वेगवान चेंडूसारख्याच हाताच्या हालचालीने सुटणारा, पण बराच हळू येणारा चेंडू. तीन दिवसांत सलग तिसरा दबावाचा सामना खेळणारा फलंदाज लवकर बॅट फिरवतो आणि त्याच्यावर चेंज-अप सर्वांत जास्त चालतो. आर्कान्साच्या फलंदाजांनी वाट पाहून चेंडूसंख्या वाढवायला हवी होती. १२९ चेंडूंत २७ बाद म्हणजे डावाला जेमतेम चौदा चेंडू. तेवढ्यावर समोरचा पिचर दमत नाही.

आणि इथे फाऊलच्या गोष्टीचा हिशेब पुरता लागतो. तिसऱ्या सामन्यात आर्कान्साने शून्य धावा केल्या. शून्य धावांवर कुठलाच सामना जिंकता येत नाही, मग आदल्या रात्री क्षेत्ररक्षकांचं मन कितीही खचलेलं असो. विश्रांतीचा फायदा त्यांच्याकडे होता, पण तो त्यांना धावांत बदलता आला नाही. ओरेगॉन स्टेटने २००६ मध्येही पहिला सामना हरून हेच विजेतेपद मिळवलं होतं, २००७ मध्ये पुन्हा जिंकलं होतं. लांबच्या वाटेने जायचं असेल तर शेवटच्या दिवशी थकव्यातही न डगमगणारा एखादा हात लागतो.

सरावात काय बदलावं

आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ बेसबॉल आणि सॉफ्टबॉल संघांनाही हे लागू पडतं, कारण मैदानं उघडी, वारा मोकळा आणि पॉप-अपचा सराव सहसा सराव संपताना दहा मिनिटं उरली तर, एवढाच.

तीन माणसांचा सराव वेगळा ठेवावा. पहिला बेस, दुसरा बेस, उजवा फील्डर आपापल्या जागी, आणि कोचने फंगो बॅटने (झेलांच्या सरावाची हलकी बॅट) किंवा मशीनने चेंडू मुद्दाम फाऊल रेषेपलीकडे, तिघांपासून सारख्या अंतरावर टाकावेत. एका फेरीत बारा ते पंधरा पुरेत. त्यापेक्षा जास्त झाले की खेळाडू चेंडू न बघता क्रम पाठ करायला लागतात. निम्मे चेंडू दोन बाद, धावपटू तिसऱ्यावर असं सांगून टाकावेत, निम्मे एक बाद सांगून. फरक त्यांच्या अंगवळणी पडला पाहिजे: एक बाद असताना एक जण मागे राहतो, दोन बाद असतानाही राहावा. आम्ही दोन बादलाही एकाला थांबवण्याच्या बाजूचे आहोत, बहुधा पहिल्या बेसच्या खेळाडूला. त्याने चेंडूमागे न जाता चेंडू आणि इतर दोघांकडे बघत नाव घेऊन हाक द्यायची. पळणाऱ्याला दिसत नाही ते थांबलेल्याला दिसतं.

हाक शिखरानंतरच. ती तीनदा, आणि सोबत दोन्ही हात वर करून हलवायचे, कारण गर्दीत डोळेच कामाला येतात. दुसऱ्याने हाक ऐकली की त्याने गप्प बसायचं नाही, झेलणाऱ्याचं नाव घेऊन उत्तर द्यायचं आणि दोन पावलं बाजूला सरकायचं. उत्तर नाही म्हणजे हाक पोहोचली नाही, असं झेलणाऱ्याने धरायचं. सरावात मोठ्या आवाजाचा स्पीकर लावून हे करून बघा. शांत मैदानावर कधीच न चुकणारी जोडी पहिल्या पाच चेंडूंत गोंधळते.

कुंपणाचा सराव वेगळा. चेंडूशिवाय आधी पाच-सहा वेळा धावत जाऊन हात लावणं, मग चेंडूसह. नव्या मैदानावर सामन्याआधी फाऊल क्षेत्र पावलांनी मोजावं, डगआउटच्या पायऱ्या, बुलपेनचा (पिचरांच्या सरावाच्या जागेचा) माउंड, कव्हरची गुंडाळी कुठे आहे ते बघावं.

आणि एक सराव सुटलेल्या झेलानंतरचा. कोचने मध्येच एक झेल मुद्दाम सोडायला सांगावा आणि लगेच तोच फलंदाज, तीच स्थिती खेळवावी. पिचर आणि कॅचरला त्या अर्ध्या मिनिटाची सवय सरावातच लागते.

नंतर

केसी यांनी त्याच वर्षी निवृत्ती घेतली. रुचमन २०१९ च्या मेजर लीग निवडीत पहिल्या क्रमांकावर बाल्टिमोरला गेला. आर्कान्सा २०१९ मध्ये पुन्हा ओमाहाला आला आणि दोन्ही सामने हरून परतला. २०२५ पर्यंत त्यांच्या नावावर बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद नव्हतं. १९७९ मध्येही ते अंतिम सामना एका धावेने, २–१ ने, कॅलिफोर्निया स्टेट फुलर्टनकडून हरले होते.

एबलच्या कोपरावर २०१९ मध्ये टॉमी जॉन (लिगामेंट बदलण्याची) शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा पुढचा काळ मैदानाबाहेर गेला. दोन दिवसांतल्या १५२ चेंडूंमुळेच ती झाली असं कुणी ठामपणे म्हणू नये, कोपराचा लिगामेंट अनेक वर्षांच्या ताणाने कमजोर होतो. पण कॉलेज बेसबॉलमध्ये पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घालणारा नियम नव्हता, आणि दोन पराभवांच्या रचनेत लांबच्या वाटेने आलेल्या संघाकडे शेवटच्या दिवशी असाच एखादा हात उरतो. केसी यांच्या जागी दुसरा कोच असता तरी सातव्या, आठव्या, नवव्या डावात त्याने एबलकडून चेंडू काढून घेतला असता का, याबद्दल आम्हाला शंका आहे. समोरचे वीसच्या वीस बाद होत होते.